डिकीतला दगड

उभादांड्याला गोम्सांच्या खुराड्यात
अकरा वर्षं उभी होती ही पद्मिनी.
चौऱ्याऐंशीचं मॉडेल, रंग एकेकाळी साईचा.
चाकापुढे जांभ्याचा दगड,
मागच्या सीटवर खुडूक कोंबडी,
तिला उठवायला कोणी धजेना.
अठरा हजार मोजले मी,
पोस्टातल्या बत्तीस वर्षांच्या उरलेल्या रजेचे.
भावजय म्हणाली, यात दोन कपाटं आली असती.
आली असती.

टेम्पोला दोर बांधून आणली,
तर मागचं उजवं चाक फिरलंच नाही.
शाळेपासून माझ्या माडापर्यंत
काळी रेघ ओढत आलं.
पंधरा दिवस लोक त्या रेघेवरून
माझ्या घराचा पत्ता सांगत होते.

इनास मेस्त्री होड्यांची इंजिनं करतो.
गाड्या त्यानं कधीच सोडल्या, का ते सांगत नाही.
तरी आला. बॅटरी जोडली, कार्बोरेटर धुतला,
तिसऱ्या दिवशी इंजिन खोकलं,
निळा धूर, कुंपणावर पोरांच्या टाळ्या.
मी गिअरला हात घालणार
तोच त्यानं चावी काढून खिशात टाकली.
"चलतली गो कुंदाबाय. थांबतली कशी?"

त्यानंतर दोन महिने
अंगणात फक्त खरवडण्याचा आवाज.
पायाखालची चटई उचलली
तर गाडीतून माझंच अंगण दिसलं, मुंगळ्यांच्या रांगेसकट.
तारेचा ब्रश फिरवू तसं भोक मोठं होत गेलं.
मला वाटलं, पुरे आता.
"चांगलो पत्रो लागासर खरवड," तो म्हणाला,
"मदीच थांबलंस तर वेल्डिंग हवेक लागतला."
मोडीत काढलेल्या ट्रॉलरचा पत्रा बसवला,
त्याच्यावर अजून निळा रंग आहे,
एक अर्धं अक्षर आहे, बहुतेक 'श्री'चं.

बोल्ट दोन रात्री बिंबलांच्या रसात.
ड्रम उघडले: लायनर काचेसारखे गुळगुळीत,
सिलिंडरात ऑइल नव्हे, काकवी.
होज बोटांत वाकवला, शेवेसारखा तुटला.
नवे होज कोल्हापूरहून आले, माझ्याच पोस्टात.
माझ्या खुर्चीवरच्या मुलीनं सही घेतली,
हळूच विचारलं, मॅडम, औषधं का?
(हॉर्न मात्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत.)

हवा काढायच्या दिवशी
मी आत पेडलवर, तो गाडीखाली.
लांबचं चाक आधी, मागचं डावं.
दाब.
धर.
सोड.
बाटलीतल्या नळीतून बुडबुडे.
दाब.
आणि खालून, पान्याच्या आवाजासारखीच सपाट,
मळेवाडच्या उतारावरची जीप निघाली.
इंजिन झालं होतं. ब्रेक सोमवारी करू म्हणाला होता.
रविवारी लग्न होतं त्यांच्याकडे.
धर.
किती जण होते, मी विचारलं नाही.
धर, धर. सोडू नको.
...
सोड.
चौथ्या चाकापर्यंत
माझ्या पायाखाली काहीतरी घट्ट होत गेलं.

पहाटे सागरेश्वरच्या रस्त्यावर
वीसच्या वेगात ब्रेक. डावीकडे ओढली.
परत घरी, जॅक, अर्धा फेरा.
पुन्हा वीस. पुन्हा जॅक.
पोस्टाच्या जुन्या वहीत मी सगळं लिहीत होते,
तारीख, चाक, फेरा.
पाचव्या दिवशी चाळीस.
मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन कडेला थांबल्या.
त्यांच्या अलीकडे चांगली दहा पावलं
आम्ही उभे राहिलो.

शेवटी बंदराचा उतार, तोंड समुद्राकडे.
हँडब्रेक ओढला.
इनासनं चाकापुढचा तोच जांभ्याचा दगड
पायानं बाजूला सारला
आणि स्वतः बंपरपुढे उभा राहिला,
पाठमोरा, विडी पेटवत.
वाऱ्यानं तीन काड्या विझल्या.
चौथी लागली.
अख्खी विडी संपेपर्यंत तो वळला नाही.

मग चावी माझ्या हातावर ठेवली.

दगड मी उचलून डिकीत टाकला.
तो काही बोलला नाही.
गाडी अजून किंचित डावीकडे ओढते,
वहीत लिहून ठेवलंय.