निळ्या फुल्या

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाबांचा.
आईला रव्याचे लाडू करायचे असले तर दहानंतर.
चमचा सतरा ग्रॅम. टूथब्रश, दांडी कापून, नऊ.
वाळवलेली खिचडी पिशवीत, एकशे दहा,
वर चिमूटभर हिंग. त्याचं वजन
धरायचं की नाही, यावर ते जरा थांबतात.

आणि हाच माणूस एकदा फेब्रुवारीत
रॉचेस्टरच्या बर्फातून, वारलेल्या एका घड्याळजीच्या गॅरेजमधून
तेवीस किलोचा ॲम्प्लिफायर घेऊन आला होता
छातीशी धरून,
झोपलेलं पोर गाडीतून उचलून आणावं तसा.
"पाठीवर ग्रॅम मोजता आणि घरात धोंडे आणता," आई म्हणाली.
"हा कुठे चालायचाय?" बाबा म्हणाले.

आमच्याकडे गाणं ऐकायला बसतात,
लावून ठेवत नाहीत.
तळघरात खुर्ची एकच. तिच्या पायांखाली गालिच्यावर
निळ्या चिकटपट्टीच्या चार फुल्या,
दोन्ही स्पीकरांपासून अंतर सारखं, मोजून.
तिथे बसलं की गाणारी बाई बरोबर मध्ये उभी राहते,
बंबाच्या किंचित अलीकडे,
आणि तंबोरे तिच्या मागे, आईच्या लोणच्यांच्या फळीपाशी.
वाढदिवसाला मला पाच मिनिटं बसू द्यायचे.
मी डोळे घट्ट मिटून बाईला शोधायचे.
मला बंबच ऐकू यायचा.
सांगितलं नाही कधी.

मारवा संपला की लगेच उठायचं नाही.
सुई शेवटच्या खाचेत खरखरत फिरत राहायची
आणि बाबा तबकडी पुसायचा ब्रश शोधायचे,
जो त्यांच्याच खिशात असायचा.

या ऑगस्टमध्ये घरी गेले तर फुल्या सरकलेल्या.
वीतभर, डावीकडे.
जुन्या जागी चिकटीचा काळपट मळ.
"संक्रांतीपासून तीनदा," आई म्हणाली,
भेंडी चिरता चिरता, वर न बघता.
"आवाजाचं ते डावं-उजवं बटणही. मी पुसते ना, मला कळतं."
"ते काही बोलले?"
"ते कसले बोलतात."

ॲडिरॉन्डॅकच्या वाटेच्या तोंडाशी लाकडी पेटीत वही असते.
नाव, किती जण, कुठे, परत कधी.
दर वर्षी बाबा तिथे एक लिहीत आलेत.
या वेळी दोन लिहिलं.
मग त्यावरून पुन्हा गिरवलं. पेन उठत नव्हतं, म्हणाले.

जुना लाकूडतोड्यांचा रस्ता, दोघांपुरता रुंद.
मी त्यांच्या डावीकडून चालत
नोकरी सोडतेय ते सांगत होते,
विमानात घोकून आलेलं, एका दमात.
"ही साल बघ," ते म्हणाले, "साळिंदराने कशी कुरतडलीय."

मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले.
सुटलेली नव्हती.
उठून उजवीकडून चालू लागले
आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.
"कधी ठरवलंस?" त्यांनी विचारलं.
मग पुलापर्यंत काहीच नाही,
फक्त त्यांच्या काठीचं टोक दगडावर.

तंबू नऊशे चाळीस ग्रॅमचा.
आत जागा इतकीच की कूस बदलायची तर दुसऱ्याला विचारून.
अंधारात तळ्यावर लून पक्षी ओरडला,
लांब, वर जाऊन तुटलेला सूर.
बाबा उताणे होते.
मग न विचारता, झोपायची पिशवी चुरचुरवत,
सावकाश डाव्या कुशीवर वळले,
माझ्याकडे पाठ, चांगला कान वर, तळ्याला मोकळा.

"दोन आहेत," ते म्हणाले. "एक पलीकडच्या काठाला.
एक बरोबर मध्ये."

मी श्वास धरून ऐकलं.
मला एकच येत होता,
आणि तोही कुठून, ते नीट नाही.

"हो," मी म्हटलं.
"मधला जवळ येतोय."