शेऱ्याचा रकाना

पाच खात्यांच्या पाच वह्यांत
निहाल मडावी पाच ठिकाणी राहतो.
अंगणवाडीत तो अजूनही अकरा किलो आठशे ग्रॅम.
तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरकडे डावा पाय.
शाळेत पहिलीच्या पटावरचा शेवटचा आकडा.
यवतमाळच्या बोर्डापुढे एक टोकन,
ज्याचा नंबर चार वाजेस्तोवर लागला नाही.
ग्रामपंचायतीत न खर्चलेल्या निधीपुढचा
अर्धवट पेन्सिलीतला एक 'नि.'

माझ्याकडे तो दर दुसऱ्या मंगळवारी, अर्धा तास.
मी फिरती शिक्षिका. तेवीस शाळा, एक स्कूटी,
डिक्कीत मणी, मेणाचे खडू, हातात मावेल एवढा आरसा
आणि पंक्चरचं सामान.

सकून सारे कागद वायरच्या पिशवीत ठेवते.
एकावर नेहाल, एकावर निहार,
एकावर वडिलांच्या जागी गावाचं नाव.
निंदणाच्या दिवसांत ती एकदाच बोलली :
"तुमी समदे येकाच दिवशी काऊन नाही येत, बाई?
माही पाच डाव मजुरी बुडते."

अकरा फोन केले.
गाडीचं डिझेल मंजूर नव्हतं, म्हणून डॉक्टर
ग्रामसेवकाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले.
पांढरकवड्याहून फिजिओवाल्या मॅडम, परतीच्या एसटीवर डोळा ठेवून.
बेबीनंदाताईंनी खिचडीचं गंज बाजूला सारलं, चटई झटकली.
वह्या उघडल्या. प्रत्येकाने आपापला निहाल वाचून दाखवला.

मग खुर्चीचा विषय निघाला.
पट्ट्याची, मानेला आधार देणारी खुर्ची.
ती कुणाच्याच हेडमध्ये बसेना,
आणि खुर्चीशिवाय निहाल बसेना.
यात पाऊण तास गेला.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. "निहाल! ए निहाल!"
तो छतावरची पाल बघत होता.
पेन कागदावर टेकलं : प्रतिसाद ना...
तेवढ्यात दारातून, चपलांच्या ढिगापलीकडून,
कुणीतरी हळूच म्हणालं, "तम्मू."
सगळी मान वळली. मानेसोबत खांदा, खांद्यासोबत हसू.
पेन थांबलं.

तेजल. मोठी बहीण, चौथीतली.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
"पाठीवर निजवून चारलं तं ठसकते.
चमचा डावीकडून द्या लागते.
बूट उन्हाळ्यापासून लहान झाला, अंगठा सोलते.
बोर्डात दोन नंबरच्या खिडकीवर जा लागते,
एक नंबरवाला नुसता बसून राह्यते."
आम्ही लिहू लागलो. सगळेच.
फिजिओवाल्या मॅडम दोनदा म्हणाल्या, जरा हळू सांग बेटा.
त्यांची एसटी गेली.

उईके गुरुजींनी तिचं हजेरीपत्रक आणलं,
कौतुकानंच आणलं असावं. बोट ठेवलं आणि उचललं नाही.
लाल गोळे. दर दुसरा मंगळवार.
बोर्डाचे तिन्ही बुधवार. गाडीचे दोन शुक्रवार.
माझ्या भेटींची यादी मी इतकी नीट
स्वतःच्या वहीतसुद्धा ठेवलेली नाही.
निहालला उचलून आणतं कोण,
हे तेवीस शाळांत मी कधी विचारलंच नव्हतं.

सकून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.
"मंग कोनाले पाठवू?" एवढंच म्हणाली.

त्या गुरुवारी ठरलं ते थोडंच.
नाव एकच लिहायचं, आधारवर आहे तसं.
बूट डॉक्टर बघतील. खुर्ची गावातला सुतार करेल,
पैसे पंचायत देईल, माप तेजल सांगेल,
आणि ग्रामसेवकाने ते सहीनिशी कबूल केलं,
अर्थात सहीखाली तारीख टाकली नाही.

माझ्या फॉर्मवर रकाने आहेत :
नाव, वय, प्रकार, साहित्य, पुढील भेट.
बहिणीला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं : यापुढे भेट शाळा सुटल्यावर, घरी. साडेपाच.

म्हणजे परतताना अंधार होणार.
नाल्याच्या उतारावर रानडुकरं असतात
आणि स्कूटीचा दिवा महिनाभर मिचमिचतोय.
उद्या आधी तो दुरुस्त करून घेते.