दंड, चाळीस हेलर

मी शिकार करत नाही. हे आधीच सांगते,
कारण फेरलाखमध्ये बंदुकीचा विषय काढला की
लोक विचारतात, काय मारलंत?
काही नाही. मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या बांधांच्या रेघा ओढल्या,
आणि मावसआजोबांमागे ही रायफल वाट्याला आली:
त्रात्निक आणि पुत्र, नग तीनशे चार.
अक्रोडाचा दस्ता, त्यावर
कुणाच्या तरी गालानं आणलेली झिलई.

उचला, ओढा, ढकला, दाबा.
बोल्ट अजून असा बसतो
की खोलीतली बाकीची सगळी दारं
ढिली वाटायला लागतात.

प्रश्न एवढाच होता: बोल्टची दांडी.
तीनशेपर्यंतच्या नगांची सरळ,
भिंतीतल्या खुंटीसारखी बाहेर आलेली.
तीनशे एकपासून पुढे सगळ्यांची वाकलेली,
चमच्याच्या मानेसारखी, खाली.
मधे काय झालं?

कॅटलॉग म्हणतो, सौंदर्यासाठी.
कॅटलॉगचं काय, तो काहीही म्हणेल.
पेटंटच्या चित्रात दांडी सरळच आहे,
खाली थोरल्या त्रात्निकची सही, दांडीहून सरळ.
ओझवाल्ट कुशेय, वय एक्याण्णव, म्हणाला,
"सरळ दांडी लोडनच्या कोटात अडकते, बाई.
तुम्ही कोट सोडवेपर्यंत
गॅम्स बकरा कडा ओलांडून इटलीत."
बंदूकशाळेचा मास्तर म्हणाला, दुर्बिणीसाठी.
पण त्रात्निकांकडे दुर्बीण आली दहा वर्षांनी.

मग दोन हिवाळे क्लागनफुर्टच्या दफ्तरखान्यात,
मजुरीच्या वह्या, ती जुनी जर्मन लिपी
जिच्यात सगळी अक्षरं
एकाच कुंपणाचे खांब.
एक दिवस खांबांमधून एक पोर दिसलं.

फेब्रुवारी १९१२, दुसरा आठवडा.
'योहान, शिकाऊ, भट्टीवर.
दांडी तापलेली असताना वाकवली.
दंड, चाळीस हेलर.'

तिसरा आठवडा.
'दांड्या, वाकवून. नग बारा.'

दोन नोंदींच्या मधे कोरी जागा,
चार बोटं.
तिथे कुणी ती वाया गेलेली रायफल उचलली असेल,
कोट घालून, सहज, खांद्याला लावून पाहिली असेल.
असेल. वहीत नाही.

मी पुढची पानं उलटत गेले, दंड परत केल्याची नोंद शोधत.
कोळसा. माशाचं तेल. पहारेकऱ्याचे हातमोजे.
नोव्हेंबरात सणाला बदकं, पाच.
चाळीस हेलर कुठेच नाहीत.

आणि योहान तरी कोण?
कारखान्यात योहान, तो द्रावापलीकडच्या चर्चमध्ये
यान्को असणार; आमच्याकडे असंच असतं,
आईलाही शाळेत एक नाव होतं, चुलीपाशी दुसरं.
नोंदवहीत तीन यान्को सापडले.
एक देवीनं गेला, सहा वर्षांचा.
उरले दोन.
१९१३ पासून मजुरीच्या रकान्यात नुसती रेघ.
गैरहजर, की गेला, की नाव बदललं?
कचेरीत अशा जागी आम्ही तुटक रेघ ओढायचो:
हद्द अनिश्चित.

संग्रहालयाच्या हेर पेर्नुशला पाटीवर
तीन ओळी हव्यात. मी पोराचं नाव घालू म्हटलं.
"पुरावा?" त्यानं विचारलं. त्याचं बरोबर आहे.
अशी चूक केली असती तर मीच
कुणाचा तरी बांध हलवला असता.

काल रात्री शेवटचं म्हणून
तीनशे चार आणि शेजारच्या गावची तीनशे सात
स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून
दोन्ही दांड्यांचा बाक मोजला.
सारखा नाही.
दोन अंशांचा फरक.

म्हणजे साचा नव्हता.
म्हणजे एकेक दांडी
कुणीतरी चिमट्यात धरून, एक डोळा मिटून,
नजरेनं वाकवली.

पाटी आज दिली.
साल, निर्माता, वैशिष्ट्य.
'कारण' ही चौथी ओळ मीच वाढवली,
आणि तिच्यापुढे
चार बोटं जागा कोरी सोडली.