एक जानेवारी, दोन हजार दहा

लेंगऱ्याहून फोन आला तेव्हा मी दुकानात
कुणाच्या तरी प्रिंटरमधून झुरळ काढत होतो.
"शिकंदर, हिरवं चाक नुसतं फिरतंय रं.
आठ दिस झालं, रणधीर दिसंना."

इंदुमती निकम. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून
मोबाइलवरची अक्षरं तिला मोहरी सांडल्यागत दिसतात.
पोरानं कोइमतुरातून पैसे धाडले,
मीच जोडून दिला होता जुना डबा,
मोठा पडदा, अक्षर दीडशे टक्के.
एंटरच्या बटणावर तिनं स्वतःच लावला
भाचीच्या नेलपॉलिशचा ठिपका.

विट्याहून गाडी काढली.
वाटेतली निम्मी घरं कुलपातली.
मालक अमृतसरात, कटकात, कुठं कुठं,
दुसऱ्याचं सोनं आटवत बसलेले.

पोचलो तोवर सगळे उपाय करून झालेले.
शेजारच्या पोरानं ॲप काढून परत टाकलेलं, दोनदा.
राउटर बंद, दहापर्यंत आकडे, राउटर चालू.
भावकीतल्या एकानं सहाशेला अँटिव्हायरस गळ्यात मारलेला.
तिनंही मागची प्रत्येक वायर उपसून
पदरानं पुसून, पुन्हा खोचलेली.

नेट होतं. पण कुठलंच पान उघडेना,
ज्या दारात जावं तिथं एकच निरोप:
ही जागा सुरक्षित नाही.
मग खाली उजव्या कोपऱ्यात,
जिकडं कुणी बघत नाही, तिकडं बघितलं.
एक जानेवारी, दोन हजार दहा.

"आतला सेल गेलाय, काकी.
लाइट गेली की मशीन तारीख विसरतंय.
आणि ज्याची तारीख चुकली
त्याच्याशी पलीकडचं कुणी बोलत नाही."

"मला दिसलं हुतं ते."
"मग सांगायचं नाही का?"
ती चुलीकडं बघत म्हणाली,
"दोन हजार धाला सातवीत हुता न्हवं.
हितंच. पाटावर वही ठिवून."

मी स्क्रू काढत राहिलो.
अशा वेळी स्क्रू फार कामाला येतात.

रुपयाएवढा सेल. नवा बसवला.
जुना फेकणार होतो, तिनं हातातून घेतला
आणि मिसरीच्या डबीत टाकला.
"वर्ष लावू?"
"लाव आता, जे असंल ते."

तिचा तडकलेला मोबाइल
पडद्यावरच्या काळ्यापांढऱ्या चौकटीसमोर धरला.
हात हलत होता तिचा. तिसऱ्या खेपेला जमलं,
आणि आठ दिवस एकदम कोसळले:
गुड मॉर्निंगचे गुलाब, पतसंस्थेची सभा,
कुणाच्या तरी नातीचं बारसं, आणि त्यात मध्येच
मुशीतलं पिवळं, उकळणारं,
सतरा सेकंदांचा व्हिडिओ.
बोलणं नाही, नुसती भट्टीची घरघर.
खाली
आई आहेस का
आई
?

एक एक अक्षर शोधत, एका बोटानं,
ठिपक्यापर्यंत पोचायला तिला चार मिनिटं लागली.
लिहिलं: हाय.

मी पन्नास मागितले, तिनं चाळीस दिले,
वर पिशवीभर शेंगा.

दिवेलागणीला पुन्हा फोन.
"एकच टिक आलीया रं. दुसरी पडंना."
"ते आपल्या मशीनचं नाही, काकी.
त्याचा फोन बंद असंल. भट्टीपाशी नेत नसतील."
"म्हंजी दुरुस्त हुईत न्हाय?"
"इकडून नाही."
"बरं," म्हणाली. "बसती मग मी हितंच."

दुकान आवरताना बघितलं,
प्रिंटर तसाच उघडा पडलेला.
झुरळ निघालं होतं,
तरी छापत नव्हता.