एक अक्षर जास्त

तिमोकच्या खोऱ्यात अक्षरं मोजून विकतात.
व्हितोमिर पाथरवटाच्या अंगणात पाटी आहे :
एका अक्षराला इतके दिनार,
सोनेरी हवं तर वर निम्मे.
मी त्याच्या माडीवरचा भाडेकरू.
खाली छिन्नी सुरू झाली की माझा भाषेचा अभ्यास बंद पडतो,
म्हणजे खरं तर तेव्हाच सुरू होतो.

ग्रोज्दाना मंगळवारच्या बसने आली,
पिशवीत मुलाच्या मृत्यूचा दाखला आणि सहा अंडी.
ओब्रेन. वय एकसष्ट. लिंत्समध्ये परांचीवरून पडला.
व्हितोमिरने चष्मा चढवला,
"दाखल्यावर ओब्रेन वेल्कोविच आहे."
"ते दाखल्यावर," ती म्हणाली,
"तू ओब्रेन ग्रोज्दानिन घाल."

वेल्को गेला तेव्हा ओब्रेन दोन वर्षांचा.
तोवर गाव तिला वेल्कोवित्सा म्हणायचं,
वेल्कोची ती,
एवढंच.
मग कधीतरी, कुणी ठरवलं नाही,
शेळ्या वळणाऱ्या पोराला विचारलं की कोणाचा रे तू,
तर उत्तर येऊ लागलं, ग्रोज्दानिन.

पुरुषाच्या नावाला ओव, बाईच्या नावाला इन.
पण इन लागायचा तर
तिच्या नावातला शेवटचा आ गळतो,
बाईपणाची खूण असलेला तोच आ,
उंबऱ्याबाहेर राहिलेल्या चपलेसारखा.
आपल्याकडेही 'चा' जवळ आला की
मुलगा वाकून मुलग्याचा होतो.
कुणाचं काही असायचं तर थोडं मोडावंच लागत असेल.
आणि आई म्हणजे मायका, आईचा म्हणजे मायचिन.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यात थांबलो होतो,
कुणीतरी मायचं काही मागतंय असं वाटून.

व्हितोमिरची नात नेवेना शाळेत व्याकरण शिकवते.
ती म्हणाली, ह्या प्रत्ययाची एक खोड आहे,
तो एकट्या नावालाच चिकटतो.
म्हाताऱ्या ग्रोज्दानाचा,
पलीकडच्या आळीतल्या ग्रोज्दानाचा,
असं म्हणायला गेलात की सुटतो,
मग वाक्य दुसऱ्या वाटेने न्यावं लागतं.
त्याला मागेपुढे कोणी नसलेली बाई लागते.

आणि लागला की ते नाव उरत नाही,
विशेषण होतं.
काळा मुलगा, हट्टी मुलगा, ग्रोज्दानिन मुलगा.
घर असेल तर ग्रोज्दानिना, दूध असेल तर ग्रोज्दानिनो.
ज्याच्या ज्याच्या मागे ती धावली
त्याच्या त्याच्या लिंगात, त्याच्या वचनात.

वेल्कोच्या दगडावर तिचं नाव आधीच आहे.
व्हितोमिरच्या बापाने तेव्हाच कोरून ठेवलं, इथली रीतच ती :
ग्रोज्दाना, वेल्कोची,
जन्मसाल, आडवी रेघ,
पुढे गुळगुळीत कोरी जागा.
"ते राहू दे तसं," ती म्हणाली,
"साल मिळालं की घाल. घाई नाही."

व्हितोमिरने बोटांवर मोजलं.
वेल्कोविच आठ अक्षरं, ग्रोज्दानिन नऊ.
"एक अक्षर जास्त होतंय, आजी."
तिने अंडी पुढे सरकवली.

दुपारभर छिन्नी चालली.
त्यांच्या लिपीत इ म्हणजे दोन खांब, मधे तिरका बांबू,
न म्हणजे तेच खांब, बांबू आडवा.
शेजारी शेजारी कोरले की कुंपणाचं फाटक दिसतं,
एक फळी निसटलेलं.
शेवटचा न जरा दाटीत बसला.
व्हितोमिर काही बोलला नाही, तिनेही पाहिलं नाही असं केलं.

बसला वेळ होता.
तिने मला विचारलं, तुझ्या भाषेत काय म्हणशील त्याला?
ग्रोज्दानाचा, मी म्हटलं.
"चा?" ती थबकली. "चाय?"
मी मान हलवणार होतो,
पण चा म्हणजे आमच्याकडेही तेच,
तेव्हा हलवली ती होकारार्थी हलली असावी.

इथे चहा आजाऱ्यालाच देतात.
"मी ठणठणीत आहे," ती म्हणाली,
आणि तरीही बाकावर बसली,
दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले बूट
एकमेकांवर आपटत,
कोणीतरी आधण ठेवायची वाट बघत.