कोरडा दिवस

अर्जाची शेवटची तारीख दहा मार्च, रात्री बारापर्यंत.
नळाची तारीख कुणालाच माहीत नसते.

आठ आठवडे, पुण्यात. राहणं, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं,
वर महिन्याचं विद्यावेतन.
नेहते मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारावर कागद चिकटवला
तेव्हा आकडा वाचून मी आधी मागे पाहिलं,
अजून कुणी वाचला तर नाही ना.

बी.एस्सी. दुसरं वर्ष, प्राणिशास्त्र.
पालकांचा व्यवसाय: शिलाई.
उत्पन्नाच्या दाखल्याला सेतू केंद्राच्या तीन फेऱ्या,
इथवर सगळं सोपं होतं.

मग पाचशे शब्दांची चौकट.
सार्वजनिक आरोग्यात तुम्हाला काम का करायचं आहे?
'मला लहानपणापासून' लिहिलं. खोडलं.
'समाजाची सेवा' लिहिलं. तेही.
कर्सर उघडझाप करत राहिला,
श्वासापुरतं वर येऊन
पुन्हा बुडणाऱ्या अळीसारखा.

नावातच धरण आहे आमच्या गावाच्या
आणि धरणगावात नळ येतो अकराव्या दिवशी, कधी चौदाव्या.
म्हणून गल्लीत माणसांपेक्षा पिंपं जास्त,
निळी, काळी, कंपनीतून आणून राखेनं घासलेली,
शिवाय जैतूनबीच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ.
मागच्या कार्तिकात नगरपालिकेची रिक्षा फिरली, भोंगा लावून:
आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा,
सगळी भांडी रिकामी करा.
मागोमाग मी, वही घेऊन. बत्तीस घरं,
एकशे अठरा भांडी, सत्तेचाळिसांत अळ्या.
पाण्यात बॅटरी मारली की त्या तळाकडे पळतात.
सुरुवातीला मला ते बघायला आवडायचं.

सुमनमावशी बडगुजर पिंपाला हात लावून उभी राहिली.
"फेकाले सांगस, मंग भरी कोन दी वं?"
वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.
समासात लिहिला, पेन्सिलीनं.

आठ दिवसांनी तिच्या धाकट्याला ताप भरला.
प्लेटलेट हा शब्द गल्ली तेव्हा शिकली.
जळगावला पाच दिवस. वाचला पोरगा.
परत आल्यावरही तिनं पिंप ओतलं नाही.
जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून
घेऊन आली आमच्याकडे,
आणि आईनं कडेनं नाडी घालून दिली, परकराला घालतात तशी.
पिंपाच्या तोंडावर घट्ट बसली.
मग जैतूनबी आली, मग पलीकडची ओळ,
आई टेप गळ्यात अडकवून पिंपांची मापं घेत फिरली,
घंगाळाचं माप दोनदा चुकलं.
पुढच्या मोजणीत सत्तेचाळिसांचे नऊ.

हेच लिही, मॅडम म्हणाल्या.
पण हे तर आईचं आहे. सुमनमावशीचं आहे.
मी नुसती मोजत होते.
'तुमचे नेतृत्वगुण दाखवणारा एक प्रसंग'
ती चौकट मी रिकामीच ठेवली होती.

दहा मार्च, रात्री साडेअकरा,
चारशे त्र्याहत्तर शब्द झाले होते
आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, पानी उनं!
गल्लीभर मोटारी सुरू. बल्ब पिवळा पडला,
मोबाईलला रेंजचा एकच दांडा.
आई पाइप खांद्यावर टाकून दारात थांबली.
"काय लिखी राह्यनी?"
पिंपांचं, म्हटलं.
ती जराशी घुटमळली.
"मंग लिख. मी भरस."

रिकाम्या चौकटीत मी आईचं नाव टाकलं.
आडनावासकट.

अकरा बावन्नला 'सादर करा' दाबलं.
गोल फिरू लागला, फिरतच राहिला.
मोबाईल खिडकीच्या गजांत अडकवून
मी पाइप धरायला धावले.

कापडं सोडायची, भरायचं,
भरून झालं की पुन्हा बांधायची.
बारा वाजून गेले असतील, नसतील,
गजांत उजेड पडला, काहीतरी आलं होतं.
हात ओले होते.
मी आधी नाडीची गाठ मारली.