दहा मिनिटं कूलर बंद

खोब्रागडे मॅडमचा फोन:
सहाशे अकरा ओळखपत्रं,
आणि सहाशे अकरा पोरांच्या डाव्या कानशिलापाशी
एकच डास बसलेला.
केजी वनपासून दहावीपर्यंत, तोच, तिथंच.
हे काय आहे जी?
धूळ आहे मॅडम. लेन्सवर नाही, आतमध्ये.
त्या म्हणाल्या,
धूळ तर अख्ख्या इंदोऱ्यात आहे, आमच्या पोरांवरच काऊन?

सीताबर्डीचा सर्व्हिसवाला अठराशे मागतो
वर चार दिवस ठेवून घेतो.
म्हणून मे महिना, दुपारचा एक,
पारा पंचेचाळिसाच्या पुढे कुठंतरी,
आणि मी घरात जाहीर करतो: कूलर बंद करा.

रत्नमाला माझ्याकडे बघते
जणू मी घरच विकायला काढलंय.
दहा मिनिटं, मी म्हणतो. पंखाही.

खसाच्या ताट्या थोडा वेळ टिपकतात, मग गप्प होतात.
मार्चपासून झाकलेलं सगळं ऐकू यायला लागतं:
कळमन्याकडे रेंगाळत निघालेली मालगाडी,
वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन,
रत्नमालाच्या छातीतली घरघर,
जी तिनं मला सांगितली नव्हती.

मोरीत नळ आधीच सोडून ठेवला होता.
जाणते म्हणतात गरम पाण्याची वाफ करा, हवेतली धूळ खाली बसते.
आमच्या टाकीचं पाणी स्वतःच उकळून येतं,
गिझरला विचारतो कोण.

बॅटरी भरलेली. आरसा वर. पडदा उघडा.
आणि तळाशी तो,
पोस्टाच्या तिकिटाएवढा,
डबक्यावर रॉकेल पसरावं तसा जांभळा-हिरवा.
एवढ्याशा ओट्यावर मी वीस वर्षं
वऱ्हाडं बसवली, बारशी मांडली,
फूटपट्टीसारखे ताठ उभे राहिलेले मास्तर उभे केले.
(ओटा तिसरा. आधीचे दोन कॅमेरे कपाटात आहेत.)

फोटोत वर उजवीकडे, म्हणजे इथे खाली उजवीकडे.
आत सगळं जग डोक्यावर उभं असतं.
माहीत आहे, तरी दर वेळी बोटावर मोजावं लागतं.

रबरी फुगा दाबला. फुस्स.
पुन्हा. कण हलत नाही.
उत्पला, तोंडानं फुंकायचं नाही हं,
तिचे गाल आधीच फुगलेले.

मग पट्टीवर दोन थेंब. तीन नाही.
डावीकडून उजवीकडे एकदाच,
झोपलेल्या बाळाच्या पापणीवरून बोट फिरवावं तेवढ्या जोरानं,
आणि अर्ध्या वाटेत माझ्या भुवईवर
घामाचा थेंब जमतो, जड होतो, लोंबतो.
हात थांबवता येत नाही.
मान हलवता येत नाही.
उत्पलानं ओढणीचं टोक पुढे केलं
आणि तो हवेत असतानाच टिपला.

कूलर लावा!

गच्चीवरून आभाळाचा फोटो काढला, छिद्र अगदी बारीक करून.
पांढरंफटक आभाळ. काहीही नाही.
पुढच्या वर्षीची पोरं सुटली.

या वर्षीची उत्पलानं रात्री सोडवली,
कॉम्प्युटरला जागा दाखवून दिली एकदा,
आणि त्यानं सहाशे अकरा कानशिलं पुसून काढली.
कार्डं छापली, वाटली.

चौथ्या दिवशी दारात एक बाई.
कडेवर तथागत मेंढे, केजी वन, ब तुकडी.
भाऊ, माह्या पोराची तीट कुठं गेली?
सकाळी मीच लावून पाठवली होती. इथं.
आणि तिनं बोट ठेवलं
डाव्या कानशिलावर, नेमकं तिथंच.

मी मूळ फोटो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला.
एक काळा ठिपका.
त्यात काजळ किती, धूळ किती,
चौकोन चौकोन दिसेपर्यंत पाहिलं, कळलं नाही.

बसा, म्हटलं. कूलरपुढे बसा.
दोन्ही तसंच ठेवून
नवं कार्ड छापलं. पैसे घेतले नाहीत.